मालकीणबाईंचा ताप

३ मार्च

लेका,

पत्रास कारण विचारशील तर एवढंच, की तू फोन उचलत नाहीस. मी बरेचदा करून पाहिला, मग नाद सोडला. पत्राचं एक बरं असतं, ते उचलावं लागत नाही. कॅम्पात कुठेतरी उशाखाली पडून राहील. टॉवरवरून खाली उतरल्यावर एखाद्या दिवशी हात मोकळे असतील तेव्हा फोड. पत्ता तुझ्या ठेकेदाराकडून मिळवला. त्याच्यावर चिडू नकोस. दाढी करताना विचारलं मी, आणि वस्तरा गळ्याशी असताना कुणी नाही म्हणत नाही.

मुलगी बरी आहे. हे आधी सांगतो म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. वरचे दोन दात आलेत. लाळ इतकी गळते की हनुवटीवर पुरळ उठलंय, सूनबाई दिवसातून दहा वेळा टिपते आणि वरून मलम लावते. सर्दी तर कायमचीच. नाक चोंदलं की दूध पिताना मध्येच तोंड सोडून रागावते. डॉक्टरीणबाईंनी नाकात घालायला मिठाच्या पाण्याचे थेंब दिलेत. ते घातले की माझ्याकडे अशी बघते, जणू मी तिची काही मोठी फसवणूक केली असावी.

सूनबाईला सध्या सकाळची पाळी आहे. उजाडायच्या आत बस डेपोतून बाहेर काढायची असते, म्हणून मुलगी दुपारपर्यंत माझ्याजवळ, दुकानात. नाक मुरडू नकोस. टॉवेल ठेवायची मागची खोली धुऊन पुसून लख्ख केली आणि दाराला अर्धी फळी ठोकली. तिथे केसाचा तुकडासुद्धा जात नाही. फळीला धरून ती उभी राहते आणि सगळ्या दुकानावर नजर ठेवते. कोण आलं, कोण न सांगता पेपर घेऊन बसलं, सगळं बघते. म्हणून मी तिला मालकीणबाई म्हणायला लागलो. आता गिऱ्हाइकंही म्हणतात.

गिऱ्हाइकांचं विचारू नकोस. पोर एकदा शिंकलं की खुर्चीतला प्रत्येक पुरुष वैद्य होतो. एकाने सांगितलं मध चाटवा. सूनबाईने डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्यांनी कडक शब्दांत सांगितलं की वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा लावायचं नाही. वर्ष व्हायला थोडेच दिवस राहिलेत, तरी मी त्या गिऱ्हाइकाला हे ऐकवलं. तो म्हणाला, आम्हाला तर जन्मल्याबरोबर चाटवला होता. मी त्याच्या डोक्यावरच्या शिल्लक केसांकडे पाहिलं आणि कात्री उचलली.

त्या संध्याकाळबद्दल मी काही लिहीत नाही. तू लिहिलंस तर वाचेन.

तुझा,
बाबा


१९ मार्च

लेका,

उत्तर आलं नाही. मी धरलंही नव्हतं.

मालकीणबाईंचा कान दुखत होता. आम्हाला आधी कळलंच नाही. दोन दिवस सारखी कान ओढत होती, आडवी केली की रडायची, उभी धरली की गप्प. मला वाटलं दात येतायत, सगळं दातांवर ढकलायची आपल्याला सवयच आहे. मग ताप चढला. थर्मामीटर वाजला तशी सूनबाई जागची हलेना. मीही हललो नाही. आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत बसलो, आणि तुला सांगतो, दोघांच्या मनात एकच गोष्ट होती आणि दोघांनीही ती उच्चारली नाही.

काही झालं नाही. डॉक्टरीणबाईंनी कानात बघितलं, पडदा लाल होता. म्हणाल्या, दातांमुळे चिडचिड होते, एवढा ताप चढत नाही. ताप म्हणजे शोधायचं. औषध दिलं. तिसऱ्या दिवशी ती परत फळीला धरून उभी राहून गिऱ्हाइकांना धाकात ठेवायला लागली.

पण मी तिथवर गेलो होतो, म्हणून त्या संध्याकाळचं विचारून घेतलं; त्या रात्री दवाखान्यात घाईगर्दीत कुणी नीट समजावलं नव्हतं. सूनबाई औषध आणायला खाली गेली होती. मी त्यांना तो दिवस सगळा सांगितला. तिच्या बापाने दुपारी तिला स्कूटरवर पुढे घेऊन फेरी मारली. संध्याकाळी अंग तापलं. आई स्वयंपाकघरात, पोर बापाच्या मांडीवर, आणि मांडीवरच तिचे डोळे फिरले, हातपाय ताठ होऊन झटके द्यायला लागले, ओठ निळे पडले. दातखीळ बसली म्हणून बापाने तोंडात चमचा घातला आणि हिरडीतून रक्त आलं. बाईंनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, तो तापाचा झटका होता. लहान मुलांमध्ये शंभरात दोन-चारांना येतो. ताप भराभर चढला की त्यांचा मेंदू तेवढ्यापुरता गोंधळतो. बघणाऱ्याला वाटतं पोर गेलं, पण ते जात नाही. पाच-सहा वर्षांची होईतो बहुतेकांचं सुटतं आणि मागे काही राहत नाही.

मी स्कूटरच्या वाऱ्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, ताप वाऱ्याने येत नाही. मी चमच्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, तोंडात काहीही घालायचं नसतं, हे खरं. कुशीवर वळवायचं, आसपासच्या टोकदार वस्तू काढायच्या आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या पुढे गेलं तर सरळ अँब्युलन्स. पण हिरडी आठवड्यात भरून आली आहे, झटका चमच्याने आला नाही, आणि बापाने तर नाहीच नाही.

मग त्यांनी विचारलं, बाप कुठे असतो?

मी म्हटलं, कामावर.

बाबा


४ एप्रिल

लेका,

सगळं ठीक आहे. दुकानात गर्दी होती म्हणून लिहायला उशीर झाला. मुलगी खाते, पिते, झोपते. सूनबाई बरी आहे. जास्त लिहीत नाही, हाताला जरा कापरं सुटलंय, गारठ्याने असेल. मालकीणबाई आता फळी सोडून दोन पावलं टाकतात आणि बसतात.

काळजी करण्यासारखं काही नाही.

बाबा


१६ एप्रिल

लेका,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. ‘बाबा, गारठ्याने तुमचा हात कधी कापला नाही, काय झालं ते सांगा.’ न्हाव्याच्या पोराला हे कळायचंच. मीच विसरलो कुणाला लिहितोय ते.

तर सांगतो. बसून वाच.

मागच्या पत्राच्या आदल्या दिवशी तिला पुन्हा झटका आला. दुकानात. सकाळी अंग कोमट वाटलं होतं, पण चांगली खेळत होती. पोस्टातले ते जाडे साहेब खुर्चीत होते, तोंडभर फेस, मी अर्धी दाढी उरकली होती. मागून धप्प आवाज आला. वळलो तर ती टॉवेलांच्या ढिगावर आडवी, डोळे वर गेलेले.

डॉक्टरीणबाईंचा आवाज डोक्यात होता. वस्तरा टाकला, फळी ओलांडली. ह्या वयात मी ती कशी ओलांडली मला ठाऊक नाही. तिला कुशीवर वळवली, स्टूल लाथेने बाजूला सारलं आणि साहेबांना म्हटलं, घड्याळ बघा आणि मला सांगत राहा. ते बिचारे फेसाळल्या तोंडाने मोठमोठ्याने वेळ सांगत उभे. माझ्या हाताखाली ती थडथड उडत होती. तोंडाला मी हात लावला नाही. लावावासा वाटला रे. काहीतरी करावं, काहीही करावं असं इतकं वाटतं की हात आपोआप पुढे जातो. तेव्हा मला तुझा चमचा कळला.

दोन मिनिटांच्या आत थांबलं. मग एक लांब श्वास घेतला, रडली, आणि झोपी गेली. तिच्या त्या रडण्याइतका गोड आवाज मी ऐकलेला नाही. साहेबांनी त्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. अर्धी दाढी तशीच. दवाखान्यातली दोन मुलं त्यांना बघून रडायची थांबली.

घसा सुजला होता, त्याचा ताप. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. एकदा आलेल्याला पुन्हा येऊ शकतो, म्हणाल्या, म्हणून धोका वाढला असं नाही. तापाचं औषध दिलं तर तिला बरं वाटेल, पण त्याने झटका टळेलच असं नाही. म्हणजे बघ, मी तिच्यावर सकाळपासून डोळे लावून बसलो असतो तरी आला असता. हे ऐकून मला जेवढं बरं वाटलं तेवढं तुलाही वाटावं, म्हणून लिहितोय.

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला लहानपणी असं झालं होतं का? आई-वडिलांपैकी? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, नाही.

रात्री तुझ्या आत्याचा फोन आला. तिला सगळं सांगितलं. नेहमी मला बोलू न देणारी ही बाई, एकदम चिडीचूप. मी म्हटलं, फोन कटला का? तर म्हणाली, नाही. आणि मग तिने सांगितलं. तू दीड वर्षाचा असताना तुझ्या आईचं ऑपरेशन झालं, मी दवाखान्यात होतो आणि तू आत्याकडे होतास. तिच्याकडे तुला ताप आला आणि हेच झालं. तिने शेजारणीला घेऊन तुला डॉक्टरकडे नेलं, तिथे तुला बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी तू तिच्या कोंबड्यांमागे धावत होतास. आम्हाला सांगितलं नाही, कारण तुझी आई टाके पडून बिछान्यात, आणि मी म्हणे तिला पोर सांभाळता येत नाही म्हणून बोललो असतो. बोललो असतो, ती बरोबर आहे.

तेव्हा हे असं आहे. पोरीने तुझे कान घेतले, तुझी झोपायची पद्धत घेतली आणि हेही तुझ्याकडूनच घेतलं. आणि तू आज काय करतोस, तर आभाळात लोंबकळून लोखंड जोडतोस.

मागच्या पत्रात लपवलं, कारण तू आणखी लांब जाशील असं वाटलं. तू तर जवळ आलास. एक ओळ का होईना.

बाबा


३ मे

लेका,

तुझं चार पानी पत्र वाचलं. दोनदा. तू शेवटी जे विचारलं आहेस, ‘ती अजून तेच म्हणते का’, त्याचं उत्तर मी स्वतःच्या मनाने देणार नव्हतो. म्हणून सूनबाईला विचारलं.

ती कामावरून आली होती, पाय पाण्यात सोडून बसली होती, मांडीवर मुलगी. आधी आत्याची गोष्ट सांगितली. ती हसली. कोंबड्यांपाशी फार हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मुलीला वाटलं हा खेळ आहे, ती टाळ्या वाजवू लागली.

मग मी विचारलं. त्या संध्याकाळी तू जे ऐकलंस ते तिला पाठ आहे. ‘काय केलंस तिला?’ असं ती ओरडली होती. म्हणाली, बाबा, मी स्वयंपाकघरातून धावत आले, त्याच्या हातात चमचा, पोरीच्या तोंडात रक्त, मी आणखी काय म्हणणार होते? समोर भिंत असती तर भिंतीला म्हणाले असते. तिला तर माहीतही नव्हतं की तू ते मनाला लावून घेतलंस. तिला वाटलं, तू तीन महिन्यांचं काम म्हणून गेलास ते पोरीचं हे दुखणं नको झालं म्हणून. तू म्हणतोस तुला वाटलं तू जवळ असलास की पोरीला इजा होते. दोघं एका घरात राहत होतात, आणि हे तुम्हाला एकमेकांना विचारता आलं नाही. मला मध्ये पोस्टमन व्हावं लागलं.

पण तिचा राग आहे. तो मी लपवत नाही, तुला आता खरंच सांगायचं ठरवलंय. तिचे शब्द जसेच्या तसे देतो. ‘तो घाबरला याचा मला राग नाही. मीही घाबरले होते. त्याला पळायला जागा होती, मला नव्हती.’

मी तिला पाय पुसायला टॉवेल आणून दिला.

मग पाय पुसता पुसता तिने दुसरं एक सांगितलं. या महिन्याच्या अठरा तारखेला मुलीचं गोवराचं इंजेक्शन आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात द्यायलाच हवं, झटके आले म्हणून टाळायचं नाही. उलट तो आजार झाला तर ताप याहून फार मोठा. या लशीचा ताप लगेच येत नाही, आठवड्याभराने येऊ शकतो. सूनबाई म्हणाली, ‘तिला आत धरायला माणूस हवा. मी धरणार नाही, माझ्याच्याने होणार नाही. आणि बाबा, तुमचे हात आता कापतात.’

कुणाला बोलावू, असं तिने विचारलं नाही. नाव घेतलं नाही. मीही सुचवलं नाही. मुलीचा पाय चोळत ती म्हणाली, दवाखाना दहाला उघडतो.

तुला कळवायचं काम माझं. मी कळवलं.

बाबा


९ जून

लेका,

तू परत जाऊन आठवडा झाला. राहिलेलं काम संपवून, हिशेब मिटवून येतो म्हणालास, ते ठीक. तोवर तुला काही सांगतो. तू इथे होतास तरी तुझ्या पाठीमागे जे झालं ते तुला दिसलं नाही, आणि सूनबाई स्वतःहून सांगायची नाही.

अठरा तारखेला दहाला पाच कमी असताना तू जिना चढून आलास, पाठीवर पिशवी, दाढी वाढलेली, तोंड माझ्या साबणाच्या फेसासारखं पांढरं. मुलीने तुला ओळखलं नाही, आईच्या मानेत तोंड खुपसलं. तेव्हा तुझा चेहरा पडला तो आम्ही पाहिला. सूनबाईने नुसतं मुलीला तुझ्या हातात दिलं. पोर किंचाळलं, आणि तू ते किंचाळणारं पोर घेऊन आत गेलास. दार लागलं.

आता हे तुला माहीत नाही. ती दाराशी जाऊन उभी राहिली. हात कडीवर. आत मुलीने मोठा सूर लावला, तेव्हा टोचलं असणार. कडीवरचा हात आवळला. मला वाटलं आता उघडते. मग तुझा आवाज यायला लागला. तू तिला काहीतरी सांगत होतास, शब्द कळत नव्हते, नुसता सूर, तोही थरथरणारा. सूनबाई मागे सरली आणि माझ्या शेजारी बाकावर बसली.

म्हणाली, ‘बाबा, तो घाबरलाय.’

मी म्हटलं, हो.

ती म्हणाली, ‘पण बाहेर नाही आला.’

पुढचं तुला ठाऊक आहे. आठव्या दिवशी ताप आला. तू दिवसभर तिला छातीशी घेऊन खुर्चीत बसलास, पाणी पाजलंस, औषध मापून दिलंस, कपडे सैल केलेस. घड्याळ समोर मांडून ठेवलंस, त्याची गरज पडली नाही. ताप आला तसा उतरला. अंगावर बारीक पुरळ उठून गेलं, बस्स. पण दुपारी तुला डुलकी लागली होती. सूनबाई पाळी संपवून आली, गणवेशातच दारात उभी राहिली. तू आणि मुलगी, दोघं तोंडं उघडी टाकून झोपलेले, दोघांचे कान एकसारखे. तिने मला खुणेने रेडिओ बारीक करायला लावला. मग मुलीच्या कपाळाला हात लावून पाहिला. आणि मग तुझ्या.

तिचा राग संपलाय असं समजू नकोस. आहे अजून. रोज थोडा थोडा खर्च करते. तू आलास की तुझ्याही वाट्याला येईल, तो घ्यायचा, परत करायचा नाही.

तू गेल्यावर मालकीणबाईंना जुलाब झाले. तू धास्तावशील म्हणून लगेच सांगतो, साखर-मिठाचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं, वरचं खाणं-पिणं बंद केलं नाही, आणि दोन दिवसांत थांबले. सूनबाईने हे सगळं असं केलं, जसा गिअर बदलावा. थर्मामीटर एकदाच लावला, आणि मग शांतपणे जेवली. फेब्रुवारीपासून मी तिला बसून जेवताना पाहिलं नव्हतं.

मुलगी आता धावते. धावते म्हणजे पुढे पडत जाते आणि पाय मागून गाठतात. गुडघे सोललेत, कपाळावर एक टेंगूळ आहे, ते तू आल्यावर विचारशील, म्हणून आधीच सांगून ठेवतो, खुर्चीच्या पायावर आपटली.

शेवटचं. तुझी गाडी तीस तारखेला सकाळी पोचते ना? त्या दिवशी सूनबाईची पाळी दुसऱ्या मार्गावर होती. तिने डेपोत जाऊन बदलून घेतली. का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण तू स्टेशनच्या बाहेर आलास की समोरच्या थांब्यावर जी पहिली बस येईल, ती तीच चालवत असेल. रिक्षा करू नकोस. पुढच्या दाराने चढ.

तिकीट मात्र काढावं लागेल. हे तिने मला दोनदा बजावून सांगितलंय.

बाबा